शेवटच्या वाटेची धून

आईस, डोंगरापलीकडून नेंगचा नमस्कार.

मी खुशाल आहे. मक्याचा वाफवलेला भरडा पोटभर मिळतो. बाबांनी जेवण सोडलं, असं तू कळवलंस. निदान बोलतात ना?

मेलेल्याला पूर्वजांपाशी पोचवणारी पाव्याची धून वाजवणारं आपल्या गावात कुणी उरलं नाही, आणि मला ती अजून अर्धीच येते. काल गुरुजींना म्हटलं, "उरलेली भरभर शिकवा, घरी जायचंय."

ते म्हणाले, "अर्धी वाजवलीस तर तुझा बाप डोंगरातच भटकत राहील. बस खाली." मग स्वतःच धापा टाकत वाजवू लागले. आता मला दोघांचीही धास्ती वाटते.

मी काय शिकतोय ते बाबांना सांगू नकोस. नुसतं म्हण, नेंग येईपर्यंत थांबा.

तुझाच,
नेंग