सोमवारची खरेदी

७ जुलै, सोमवार
यांना जाऊन सव्वा महिना. आज ९.२० ला यांच्या फोनवर मेसेज: दोन शेअर घेतले. त्याच साखर कंपनीचे. माथेरानला हॉटेलच्या स्टोअररूममध्ये बसून दर सोमवारी हेच करायचे. हप्ता लावून ठेवला असेल. साधं लाइटबिल आपोआप भरू न देणारा माणूस, पण असो.

१० जुलै
सुनीलभाऊजी चौक गावाहून आले. ॲप बघून म्हणाले, "वहिनी, हप्ता-बिप्ता काय नाय हितं. कुणीतरी हातानं घेतलेत."
हे गेल्याचं आम्ही अजून शेअरच्या ब्रोकरला कळवलेलं नाही. भाऊजींचाच सल्ला. "फोन चालू हाय तवर खातं चालू हाय. कळवलं की गोठवतील, मग फिरा कागदं घेऊन." नॉमिनी मीच, तरी ऐकलं.
पिन बदलला. नवा फक्त मला माहीत.

१४ जुलै, सोमवार
पुन्हा ९.२०. पुन्हा दोन. मी अंगणवाडीत, फोन कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये.
शेअर आणखी पडलाय. पडला की घ्यायचा, ही यांची जुनी खोड. त्या खात्यातले पैसे प्राचीच्या नर्सिंगच्या फीचे. यांनीच बाजूला काढलेले! रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "अहो, पुरे आता." मग स्वतःचीच लाज वाटली.

२१ जुलै, सोमवार
रजा टाकली. फोन समोर स्टुलावर, माझे हात मांडीवर. ९.२० ला स्क्रीन उजळली. दोन.
भीती वाटली. खरं लिहायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं. आंघोळीला पाणी काढलं, तेही दोघांचं.

२४ जुलै
फी ऑगस्टअखेर. असंच चाललं तर तोवर रोकड उरत नाही, आणि तो शेअर आज विकावा तर निम्मे येतील. प्राचीला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं.
तिने यांचा फोन हातात घेतला, सोमवारचे मेसेज वाचले. मग म्हणाली, "आई, पप्पांना कुणी सांगितलंच नसेल गं, ते गेले म्हणून."

२५ जुलै
कर्जत. ब्रोकरच्या ऑफिसात मृत्यूचा दाखला दिला. सही करताना हात थांबला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, इथं." केली.
खातं आजच गोठवलं. महिन्याभरात सगळं माझ्या नावावर येईल म्हणाली. फी निघेल.
घरी येऊन जेवले नाही. यांच्या हातातून काहीतरी ओढून घेतल्यासारखं वाटतंय.

२८ जुलै, सोमवार
९.२०. फोन वाजला. खाते गोठवलेले आहे, दोन शेअरची ऑर्डर नाकारली.
प्राची माझ्याकडे बघत होती.
मिनिटभराने परत वाजला. नाकारली.
या वेळी एकच मागितला होता.