कांद्यासकट

प्रिय छटाक,

या शहरात स्पॅनिश खाणं कुठं चांगलं मिळतं असं तुला कुणी विचारलं, तर आता बेलाशक माझ्याकडे पाठव. हसू नकोस. गेल्या चौदा महिन्यांत मी सतरा ठिकाणी जेवलोय. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले, ती सवय निवृत्तीनं थोडीच जाते. प्रत्येक ठिकाणाची वहीत नोंद आहे: वार, वेळ, काय मागवलं आणि प्रत्यक्षात काय आलं. तुझी आत्या म्हणते, दादाला उतारवयात जिभेचे चोचले सुचायला लागले. मी तिला म्हणू देतो, कारण खरं कारण सांगितलं असतं तर ती रडत बसली असती आणि मला चहा करायला लागला असता.

खरं कारण तुला सांगायला हरकत नाही. मी तुला शोधत होतो. येत्या महिन्यात तुला घर सोडून तीन वर्षं होतील. नंबर बदललास, पत्ता फक्त आत्याला दिलास आणि बाबांना सांगायचा नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलंस. आत्या शब्दाची पक्की, लहानपणीसुद्धा तिच्या पोटातून काही काढता यायचं नाही. एकदाच तिची जीभ घसरली. भाजी निवडता निवडता म्हणाली, विम्याच्या कचेरीतली बसून करायची नोकरी सोडून पोरगी त्या स्पॅनिश हॉटेलात शिजवते, लोक म्हणे तिथं उभ्यानं खातात, बशीबशीनं. आणि मग तिनं जीभ चावली. मला तेवढं पुरलं. त्या बशीबशीच्या प्रकाराला टापास म्हणतात हे मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन पाहिलं, आणि तिथल्या बाईंकडून शहरातल्या अशा हॉटेलांची यादी करून घेतली.

काउंटरवर तुझं नाव सांगून चौकशी करणं सोपं होतं. पण ती बातमी आत पोचली असती आणि तू तिथूनही उठून गेली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तो माझ्याकडूनच आलाय. शिवाय मी दवाखान्याच्या व्हरांड्यात तुला जे बोललो, ते तुला पाठ असणार. 'तुझ्या हातचं खाल्लं आणि तिच्यावर ही वेळ आली.' तुझी आई आत नळ्यांमध्ये होती आणि मी बाहेर हे बोललो. तू तशीच बाकावर जाऊन बसलीस. तिचं सगळं झाल्यावर दोन महिने घरात राहिलीस, पण त्या दोन महिन्यांत गॅसला हात लावला नाहीस. मग गेलीस. असं बोललेल्या माणसानं नुसती चौकशी करत फिरू नये, असं मला वाटलं. म्हणून मी खात फिरलो.

माझी पद्धत साधी होती. सगळीकडे एकच वस्तू मागवायची, बटाट्याचं जाड ऑम्लेट. त्याला ते तोर्तिया म्हणतात. ते बहुतेक सगळीकडे असतं आणि त्यात कुणाला काही लपवता येत नाही: बटाटा, अंडं, तेल, मीठ आणि कांदा. तू आठ वर्षांची असताना आई पहिल्यांदा दवाखान्यात राहिली होती, आठवतंय? दोन महिने स्वयंपाक माझ्याकडे होता. मला पाट-बीट घेऊन कापायला जमेना, म्हणून मी खिशातल्या चाकूनं बटाटा हातातच फिरवत त्याचे तुकडे उडवायचो. प्रत्येक तुकड्याची एक कड कागदासारखी आणि दुसरी बोटाएवढी. तू स्टुलावर उभी राहून तसंच कापायला शिकलीस. आई घरी आल्यावर पोट धरून हसली आणि म्हणाली, काटे तपासणाऱ्याच्या घरात दोन तुकडे सारखे निघू नयेत म्हणजे कमाल आहे. पुढं तिनं तुला सरळ चकत्या करायला शिकवल्या, पण तुझा हात काही वळला नाही. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वर्गातल्या मास्तरांनीही त्यावरून तुला झापलं होतं, ते तू घरी येऊन नक्कल करून दाखवलं होतंस. तर मी ते बटाटे शोधत होतो. आणखीही एक कारण होतं, ते शेवटी सांगतो.

कोर्टामागच्या हॉटेलात पहिल्यांदा गेलो. तिथं काळ्या कोटांची एवढी गर्दी की आपल्यावर खटला भरलाय असं वाटावं. ऑलिव्ह खारट, ऑम्लेट फ्रिजमधून काढून गरम केलेलं, वरून चटका आणि मध्ये गार. बटाटे यंत्रानं कापलेले, पत्त्यांसारखे सारखे. मी वहीत फुली मारली आणि मला चक्क बरं वाटलं. सापडली नाही म्हणून नव्हे, तू असलं काही करत नाहीस म्हणून. नदीपलीकडच्या एका ठिकाणी भिंतीवर प्लास्टरचं बैलाचं मुंडकं आहे आणि केशर घालून पसरट कढईत करतात तो भात तिथं उत्तम होतो असं सगळे सांगतात. मी मागवला. वेटर अदबीनं म्हणाला की तो दोन माणसांसाठीच करतात. एकट्या माणसाला तो भात या शहरात जवळजवळ कुठंच मिळत नाही, ही माहिती तुझ्या धंद्यातली असल्यामुळे तुला असेलच. मला नव्हती.

बस डेपोसमोरच्या बोळात एक आहे, तिथं मात्र कुणालाही पाठव. खुर्च्या नाहीत. मिठात परतलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या देतात. दहांत एखादीच तिखट निघते असं म्हणतात, माझ्या बशीत पहिल्या तिन्ही निघाल्या. शेजारचा टॅक्सीवाला माझ्याकडे बघून इतका खूश झाला की त्यानं आपलं सरबत मला दिलं. क्रोकेत्स खायचे तर छापखान्याला लागून दोन बहिणींचं दुकान आहे तिथं. वरचं कवच कुरकुरीत आणि आतला हॅमचा लगदा जीभ भाजेल असा गरम. धाकटी बहीण गिऱ्हाइकाला फुंकर मारून खा असं दटावते. काचेच्या उंच इमारतीत एकविसाव्या मजल्यावर जे आहे, तिथं कुणाला पाठवू नकोस. हातभर बशी, तिच्या मधोमध एक कोळंबी, भोवती फेस. मी नोकरीत असतो तर मालकाला बोलावून घेतलं असतं. टोमॅटो घासलेला पाव, थंड सूप, लसणातली कोळंबी, सगळं खाऊन झालं. आत्याला वाटतं माझं वजन वाढलं. काट्यावर पाहिलं, वाढलंय.

कंटाळा येत नव्हता असं नाही. सोळाव्या हॉटेलानंतर दीड महिना मी गेलोच नाही. आत्याचं ऐकण्यात काही चूक झाली असेल, तू शहर सोडून गेली असशील, असं मनात यायचं. मग पावसाळी चपला दुरुस्तीला द्यायला शिंप्यांच्या गल्लीत गेलो, तर बटणांच्या दुकानाशेजारी एक अरुंद दार दिसलं. यादीत हे नाव नव्हतं. पत्र्यानं मढवलेला काउंटर, सहा उंच स्टुलं, मागे भिंतीत बशा सरकवायची खिडकी. काउंटरवर एक बाई, चष्म्याला दोरी, कुणी कोपर टेकवून बसलं की बघते आणि तो माणूस आपोआप सरळ होतो. मी मनातल्या मनात तिचं नाव हेडमास्तरीण ठेवलं. गुरुवार होता, दुपारचा एक वाजला होता. ऑम्लेटचा त्रिकोण आला. मी तो आडवा कापला आणि कापलेल्या बाजूकडे पाहिलं. प्रत्येक बटाट्याची एक कड विरघळलेली, दुसरी बोटाएवढी. दोन तुकडे सारखे नव्हते.

मी तिथं किती वेळ बसलो ते वहीत लिहिलेलं नाही. मला रडू आलं. हेडमास्तरणीनं पाण्याचा पेला न मागता पुढं सरकवला आणि दुसरीकडे बघायला लागली, एवढं आठवतं. खिडकीतून एक हात बशा ठेवत होता, पण ती इतकी खाली होती की मनगटाच्या वरचं काही दिसत नव्हतं. मनगटावर भाजल्याचा डाग होता, तो नवीन आहे.

मग मी दर गुरुवारी येऊ लागलो. भिंतीकडच्या स्टुलावर बसायचो. निरोप पाठवला नाही, खिडकीत वाकलो नाही. मला वाटत होतं मी फार हुशारीनं वागतोय. पण कांदा विसरलो. मला कांदा सोसत नाही, पोटात आग पडते, हे तुला माहीत आहे, आणि तुमचं ऑम्लेट सकाळीच कांदा घालून झालेलं असतं. मी आपला घरच्यासारखा काडीनं कांदा उपसून बशीच्या कडेला एकामागे एक लावत होतो. लहानपणी तू त्याला 'बाबांचा मोर्चा' म्हणायचीस. चार गुरुवार ती बशी त्या खिडकीतून आत जात होती, आणि आपल्याला कुणी ओळखणार नाही अशी माझी खात्री होती. सरकारनं मला निरीक्षक कसं केलं कोण जाणे.

पाचव्या गुरुवारी मी काही मागवायच्या आतच बशी आली. त्रिकोण नव्हता, अख्खं छोटं ऑम्लेट होतं, तव्यावरून नुकतंच उतरलेलं. हेडमास्तरीण म्हणाली, "आतून आलंय. तुमच्यासाठीच केलंय." मी कापलं. त्यात कांदा नव्हता. एकसुद्धा नव्हता.

दुसरा कुणी असता तर उठून आत गेला असता. मी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, पैसे ठेवले, छत्री घेतली आणि निघून गेलो. त्यानंतर तीन गुरुवार फिरकलो नाही. तुला काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. बाबांना अजून तेच म्हणायचंय, असंच वाटलं असणार. तसं नाही. नोकरीत मी अशी वजनं पकडायचो जी खालून पोखरून मेणानं भरलेली असत. वरून शिक्का बरोबर, पारड्यात टाकलं की माल कमी. तू आपल्या बाजूनं पूर्ण माप दिलंस आणि माझं वजन खालून पोखरलेलं होतं. ते तसंच ठेवून तुझ्या हातचं पुन्हा खायला मला तोंड नव्हतं.

तर आता ते सांगतो, त्यासाठीच हे पत्र आहे. मी व्हरांड्यात तुला तसं बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. मी त्यांना विचारलं, आदल्या दिवशी तिनं अंडं-बटाटा खाल्ला होता, त्यानं झालं का? ते म्हणाले, नाही. रक्ताची गुठळी होती, नुसतं पाणी प्यायली असती तरी हेच आणि याच वेळी झालं असतं. तू बाहेर बाकावर बसली होतीस, माझ्यापासून दहा पावलांवर, आणि मी तुला ते सांगितलं नाही. आधी लाज वाटली, मग सगळी धावपळ, मग उद्या सांगू, मग तू गेलीस. तीन वर्षं तू आपल्या हातानं आई गेली असं समजून रोज त्याच हातांनी लोकांना वाढत असशील, तर त्याला जबाबदार मी आहे. आणि दुसरं. त्याच दुपारी कपडे न्यायला मी घरी आलो होतो. आईनं त्या अंडं-बटाट्याचे दोन तुकडे खाऊन तिसरा उद्यासाठी झाकून ठेव असं तुला सांगितलं होतं, तो ओट्यावर तसाच होता. डॉक्टरांशी बोलून आलो होतो तरी तो टाकून द्यायलाच हातात घेतला. मग ओट्याशी उभं राहून खाल्ला. आईच्या आवडीचा म्हणून त्यात भरपूर कांदा होता. मी एकही काढला नाही. ती चवही शोधत सतरा हॉटेलं फिरलो, पण त्याच्या तोडीचं कुठं मिळालं नाही. तुमच्याकडेही नाही, तिथं मीठ थोडं जास्त पडतं. तिला ते खूप आवडलं होतं, छटाक. ती शेवटचं जे चवीनं जेवली ते तुझ्या हातचं होतं. मला माफ कर असं म्हणायचा हक्क मला आहे का, ते तू ठरव. हे पत्र हेडमास्तरणीकडे देतोय. या गुरुवारी एक वाजता मी भिंतीकडच्या स्टुलावर असेन. मी यायला नको असेल तर बाहेर येऊन सांगायची गरज नाही, ऑम्लेटमध्ये कांदा घाल. मी मोर्चा काढणार नाही. सगळं खाईन, कांद्यासकट, आणि पुन्हा येणार नाही.

तुझाच, तुला बटाटे वाकडे कापायला शिकवणारा,
बाबा