नकाशात नसलेली पंधरा घरं

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

माझ्या नवऱ्याने, शैलेंद्रने ऑफिसचे नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले. मॉरिशसमध्ये समुद्रकाठी व्हिला — त्याच्या कंपनीचं नवं प्रोजेक्ट. कोपऱ्यात गावाचं नाव वाचलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला. लतिकाचं गाव!

लतिका इथे दुबईत, ऑफिसात माझ्या शेजारी बसते. तिच्या वडिलांच्या पणजोबांना रत्नागिरीहून मॉरिशसला ऊस तोडायला नेलं होतं. साखर कारखाना कधीच बंद पडला, पण मजुरांची पंधरा घरं अजून आहेत. त्यातल्या एकात तिचे वडील, बापू, एकटे राहतात.

नकाशात तिथे लिहिलंय — रिकामी जागा.

"अरे, तिथे माणसं आहेत," मी म्हटलं.

"पेपर्स सगळे झालेत. आणि कुठे बोलू नकोस. माझी नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा खलास."

१३ फेब्रुवारी

लतिकाने विचारलं, गप्प का? डोकं दुखतंय म्हटलं.

४ मार्च, मंगळवार

लतिकाने बापूंचा व्हिडिओ दाखवला. पायात घुंगरू बांधून झाकरी, तिथल्या मराठी माणसांचा नाच, नाचत होते. पंचाहत्तर वय! मागे ऊस, पुढे समुद्र. तिचं मराठी शाळेतलं, त्यांचं मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिलेलं. "हितंच जलमलो, हितंच मरनार," म्हणाले आणि हसले.

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

२१ एप्रिल, सोमवार

घरं पाडली.

लतिका वॉशरूममध्ये भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी!

९ मे, शुक्रवार

बापू आलेत. अल बर्शात, लतिकाच्या फ्लॅटवर, अकरावा मजला. मी वरणभात घेऊन गेले. बापू बाल्कनीत बसले होते, खाली शेख झायेद रोड. वाळलेत खूप.

"आजोबा, कम इनसाइड, इट्स टू हॉट," नातू रेयांश म्हणत होता. त्यांना कळलं नाही, की कळूनही उठले नाहीत.

मला म्हणाले, "कुनाला म्हाईत आसंल ना, बाय? आदी कुनी सांगितलं आसतं तर दारात बसलो आसतो. बगितलं आसतं कसं पाडतात ते."

मी त्यांचं ताट उचललं. त्यांनी दोनच घास खाल्ले होते. बेसिनपाशी बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

३ जून

बापू आता पाणीही नको म्हणतात. ॲडमिट केलंय. शैलेंद्रशी दोन दिवस बोललेले नाही. पण त्याच्यावर तरी कशाला रागवायचं?

१९ जून, गुरुवार

सकाळी बापू गेले. हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर मी शेवटी बोलले. "लतिका, मला फेब्रुवारीपासून माहीत होतं."

ती म्हणाली, "मला जानेवारीपासून. घर सोडायच्या कागदावर त्यांची सही मीच केली. नाहीतर ते माझ्याकडे आलेच नसते."

मला सुटल्यासारखं वाटलं. बापूंना जाऊन तीन तास झाले होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.