एका कानाचा बैल

१२ फेब्रुवारी १९९८

दगडी बैलाचा कान तुटला! डावा. आठ महिने जपून काम केलं आणि अगदी शेवटी छिन्नी घसरली. मार्चात मुंबईला प्रदर्शन, दहा तारखेला त्यांचा टेम्पो येणार. आता ब्राँझचा कान करून बसवायचा, दुसरा इलाज नाही. बैल शेडबाहेर, कुडाच्या भिंतीला लागून ठेवलाय.

१४ फेब्रुवारी

मेणाचा कान घडवून शत्रुघ्न ओतारीकडे दिला. मेण वितळून जातं, पोकळी राहते, तिच्यात धातू ओततात. वसूला जाऊन दोन वर्षं झाली, घरात मी एकटाच. त्या पोकळीत कोणी काही ओतलं नाही. कौस्तुभ पुण्याहून फोन करतो — "बाबा, जेवलात ना?" हो म्हटलं की ठेवतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बैलाच्या कपाळाला कुंकू! पुढ्यात बेलाचं पान! अरे, हा नंदी नव्हे, नांगराचा बैल आहे! काथ्याने घासून काढलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे एक घाव चुकला आणि देवपण आलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज तिघी आल्या. पुढे कळंबची मासळीवाली सावित्री — सोमवारी मासे खपत नाहीत, तिला सवड. बाकीच्या दोघींना समजावत होती, "देवलातला नंदी ह्या कानानं आयकतो नि त्या कानानं सोडतो. म्हनून तो कान हातानं झाकाया लागतो. ह्याला दुसरा कानच नाय!"

मग एकेक जण त्याच्या उजव्या कानात मागणं सांगून गेली. कुडाच्या अलीकडे मी बसलेलो, हे कोणाच्या गावी नाही. भिंतीलाही कान असतात ते असे!

२५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. अकरा जणी.

२८ फेब्रुवारी

शेजारची व्हेरोनिका कुंपणावरून म्हणाली, "नरहरी, तू तर फादर झालास! आयतं कन्फेशन ऐकतोस. पण फादर तोंड मिटून असतात हां. तू लिहून ठेवत नाहीस ना?"

शरमलो. त्यांची मागणी इथे लिहायची नाहीत. माझं मात्र लिहितो — मी सोमवारची वाट बघतो. दिवसभर घरात माणसाचा आवाज नसतो. कुंकू घासायचं कधीच सोडलं.

४ मार्च

कान आला. चपखल बसतो. शत्रुघ्नने काम झकास केलंय, आणि मला त्याचाच राग येतोय. मंगळवारी बैल जाणार. म्हणजे सोमवारही जाणार.

९ मार्च, सोमवार

नियम मोडतो. मागणं माझ्याबद्दलचं होतं.

सावित्रीबाई एकट्याच आल्या. दगडाच्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, "ह्या भाऊकडं बोलाया कोनीतरी धाड रे. बायको गेल्यापासून पानी पन एकलाच पितो."

छिन्नी खाली ठेवली. कुडाआडूनच विचारलं, "चहा घेणार का?"

बाईंनी किंकाळीच फोडली! त्यांना वाटलं, बैल बोलला. मग दारातून डोकावल्या, मला बघितलं आणि कचकचून शिव्या घातल्या — "मेल्या, सगला आयकत व्हतास?" मी हसत होतो. डोळे पुसतही होतो.

१० मार्च

टेम्पो रिकामा परत पाठवला. ब्राँझचा कान फडताळात ठेवलाय. सावित्रीबाई साखर दोन चमचे घेतात.