हरणाची मांडी

ईट, माघ महिना, सन १९४७

आज रसूलनं हरीण मारलं. माझ्याकडंही वाटा आला, पण मांडी नाही. गावात शिकार झाली की ती माझ्या अंगणात यायची. मांडी पाटलाची. बाकीचे वाटे मी घालायचो आणि लोक सलाम करून न्यायचे. मग आज काय झालं?

हा रसूल लढाईत मलायाच्या जंगलात चुकला आणि तिथल्या रानातल्या लोकांत राहून जगला. परत आल्यापासून चावडीवर त्यांच्याच गोष्टी. त्यांच्यात पाटील नाही, कधी नव्हताच म्हणे. ज्यानं शिकार केली त्यानं वाटे घालायचे नाहीत, दुसऱ्यानं घालायचे. घेणाऱ्यानं उपकार मानायचे नाहीत. मला पहिल्यापासून शंका होती. जंगलाचं नाव काढून हा गावाला काय पढवतोय?

संध्याकाळी त्याला बोलावलं. "मांडी कुणाकडं गेली?"

"मला काय ठाव, पाटील? वाटे गंगूबाईनं घातले."

धनगरांची म्हातारी गंगूबाई! तिला विचारलं, तर म्हणते, "सारखे घाल म्हणला, म्या घातले. तुमास्नी कमी पडलं व्हय?"

कमी नाही. सगळ्यांइतकंच. रागवायचं तरी कुणावर? त्यानं वाटलं नाही, तिनं मारलं नाही. ठरवून केलं असेल का? का खरंच त्यांच्या मनात मी नव्हतोच? हे जास्त वाईट.

रस्सा झकास झाला होता. मांडीचं एवढं नाही. पण आज अर्ध्या गावात हरीण शिजलं, आणि मला सलाम करायला कुणी आलं नाही.