उघड्या मानेची मंडळी

प्रिय बहिगा,

"शेड रिकामी कर आत्या, कोंबडेसुद्धा विकून टाक," असं सांगून तू अलेक्झांड्रियाला निघून गेलीस, आणि आता कुवेतच्या कारकुनीच्या नोकरीचे कागदही आलेत म्हणे. तुझ्या बापाकडून कळलं. तू कशाला सांगशील! फोनवर विषय काढला की ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. आता निमूट वाच. तू आणलेले कोंबडे मी विकलेले नाहीत. रागाव खुशाल.

तुझं दुःख मला कळत नाही असं नाही गं. विद्यापीठातून उघड्या मानेचे कोंबडे आणलेस, माझ्या भरदार पांढऱ्या कोंबड्यांत सोडलेस आणि पहिली पिल्लं निघाली तेव्हा लहान मुलीसारखी नाचलीस. पिसं कमी, म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडते, म्हणून उन्हातही खाणं तुटत नाही आणि वाढ थांबत नाही. हा गुण एकाच बाजूने आला तर मानेवर झुपका राहतो, आई-बाप दोघांकडून आला तर मान साफ. एवढं मलाही पाठ झालं! पण बाजारात शलबी कोंबडीवाल्याने पिंजरा पाहिला आणि ओरडला, "ही काय रोगराई आणलीस गं तफीदा?" आपल्याकडच्या बायका कोंबडी जिवंत निवडणार, पिसांत फुंकर मारून कातडी बघणार. इथे मानेवर एक झुपका, बाकी फुंकायला पिसंच नाहीत! सगळ्यांनी नाकं मुरडली. भरलेले पिंजरे तू तसेच परत आणलेस आणि निघून जायची तयारी केलीस.

तू गेल्यावर मी तसलीच आणखी एक खेप काढली, तुला न विचारता. जाळीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला कंपनीची पांढरी पिल्लं. मग खमसीन सुटला. भिंतीला हात लावला तरी चटका बसावा असा वारा, त्यात वीज गेली, पंखे बंद. मी आणि तुझा बाप बादल्या घेऊन नुसते धावत होतो. पांढरी पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती. अंग इतकं झरझर वाढलेलं की हृदयाला झेपेना. डोळ्यांदेखत पटापट पडली बिचारी. तुझ्या मंडळींतली एक-दोन गेली, पण बाकीची पंख पसरून पाणी पीत होती आणि संध्याकाळी दाण्यावरून भांडत होती! तुझा बाप बघतच राहिला. म्हणाला, "पोरगी खरंच काहीतरी शिकली की गं." हे तुला सांगायची त्याला लाज वाटते, मेल्याला.

सगळीकडच्या पांढऱ्या कोंबड्या अशाच मेलेल्या, त्या आठवड्यात शलबीकडे दुसरा मालच नव्हता, म्हणून तोंड वाकडं करत माझ्याच दारात आला आणि पिंजरे भरून बाजारात घेऊन गेला. उम्म हिंद तुला माहीत आहे, तोंडाची किती फटकळ. सून बाळंतीण, रस्सा तर करायलाच हवा. शिव्या घालत तिने एक उघड्या मानेची घेतली. शलबीने तोलली, कापली, पिसं काढली, तर पिसांचा ढीग हा एवढासा! बाई कमरेवर हात ठेवून कडाडली, "म्हणजे इतकी वर्षं मला पिसं तोलून विकत होतास होय रे, चोरा?" अख्खा बाजार हसून बेजार. शलबी शपथा घेत राहिला आणि दुपारपर्यंत त्याचे पिंजरे रिकामे झाले. आता बायका आल्या आल्या विचारतात, "झुपकेवाली आहे का?"

आणि हे सगळं आज का लिहिते आहे, ते ऐक. पहिल्या खेपेतल्या काही झुपकेवाल्या नर-माद्या मी ठेवून घेतल्या होत्या. त्यांची अंडी उबवली. आज सकाळी पिल्लं निघाली: काही भरल्या पिसांची, पुष्कळशी झुपक्याची, आणि काही अगदी साफ मानेची. एक आत्ताच सगळ्यांना तुडवत दाण्यावर जातंय, एक पाय ओढतंय. यातलं कुठलं पुढे वाढवायचं, कुणाचं हृदय टिकेल, कुणाचे पाय ते वजन पेलतील, मला काय कळणार? मला नुसत्या माना दिसतात गं. कुवेतला त्यांना दुसरी कारकून सहज मिळेल. त्या कागदांवर सही करू नकोस. घरी ये, पोरी. पिल्लं तुझी आहेत.

तुझीच वाट पाहणारी,
तफीदा आत्या