गुरुवारची टॅक्सी

मिस व्हिटकॉम्ब,

आजारपणाचे सरकारी पैसे गरजेप्रमाणे वापरा, असं तुम्हीच म्हणालात आणि आता खर्चाच्या तपासणीला येऊन बँडच्या तालमीला जायच्या टॅक्सीवर काट मारता? "ढोल वाजवून फुप्फुसं सुधारतात का हो?" म्हणे! नाही सुधारत, बाई. आमच्या आर्नीची छाती कोळशाच्या खाणीतच गेली. बँडमध्ये कॉर्नेट फुंकायचा, आता दम नाही म्हणून ढोलावर बसतो. पण त्या ढोलासाठी तो दर गुरुवारी दाढी करतो, जिना उतरतो. आधी भिंतीकडे तोंड करून नुसता पडून असायचा. तेव्हा कुठे होता तुम्ही?

हे टपालात टाकत नाही, मिळालंच नाही म्हणाल. उद्या तोंडावर वाचून दाखवते. टॅक्सीचं गुरुवारपर्यंत सांगा. नाहीतर त्याला चाकाच्या खुर्चीत घालून तुमच्या ऑफिसात आणते, ढोलासकट. तालीम तिथंच होईल.

आर्नीची बायको,
डोरीन हॅक्सबी